सातव्या दाराशी लोटन

बाराव्या दिवशी गंधमुक्तीचं जेवण उरकलं, पाहुणे आपापल्या गाड्यांना लागले, मांडववाल्याने देवपूरच्या त्या गल्लीतून खुर्च्याही उचलून नेल्या. तरी एक माणूस फाटकाशी घुटमळत राहिला. तो जितेंद्र होता. धुळ्यातल्या एका तंत्रनिकेतनात शिकवायचा. त्याआधी सहा वर्षं त्याने पितांबर चौधरींच्या हाताखाली पाणीपुरवठ्याच्या कामांवर काढली होती, आणि खातं सोडल्यावरही तो त्यांना नाना म्हणत दिवाळी-दसऱ्याला येत राहिला होता.

नानांच्या मुलीने, नूतनने, त्याला आत बोलावलं. तो बसला नाही. कुठून सुरुवात करावी हे न कळल्यासारखं त्याने आधी हातातल्या रुमालाची घडी घातली, मग सांगितलं. शेवटच्या वर्षाच्या मुलांसमोर नाना बोलणार होते. तारीख दोन महिन्यांपूर्वीच ठरली होती, येता मंगळवार. विषय नानांनी स्वतः कळवला होता: लोटनकडून शिकलेलं कामाचं नियोजन. कार्यक्रम रद्द करायला त्याची ना नव्हती, पण मुलं विचारत होती, आणि नानांनी सगळं वहीत लिहून ठेवलंय असं त्यांनीच फोनवर सांगितलं होतं.

"तुम्ही वाचून दाखवाल का, ताई?"

"लोटन कोण, ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"आहे की," जितेंद्र म्हणाला. "खेळातला." खात्यातल्या एखाद्या जुन्या साहेबाचं नाव घ्यावं इतक्या गंभीरपणे तो हे म्हणाला, आणि बारा दिवसांत पहिल्यांदा नूतनला हसू आलं. ते ओठांपर्यंत येऊन तिथेच थांबलं.

लोटन या घरात आला तो टाळेबंदीच्या वर्षी. नूतन जळगावला एका कंपनीत होती. रावेर-सावद्याच्या पट्ट्यात केळीसाठी शीतगृहं आणि केळी पिकवायच्या खोल्या उभारण्याचं काम ती पाहायची. सगळं बंद झालं तेव्हा ती दोन बॅगा घेऊन धुळ्याला आली. एका बॅगेत कपडे होते, दुसरीत पहिल्या बोनसमधून हौसेने घेतलेला व्हिडिओ गेमचा डबा. नानांना तेव्हा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. चार दिवस ते पेपर वाचण्याचं नाटक करत मागून टीव्हीकडे पाहत राहिले. पाचव्या दिवशी म्हणाले, "याला एवढी घाई कसली आहे? विहिरीवर ती बाई काहीतरी सांगतेय, तर हा पुढे पळतोय."

"नाना, ती सगळ्यांना तेच सांगते. ऐकायची गरज नसते."

"तू ऐकलं का पण?"

दुसरा रिमोट त्यांच्या हाती गेला तो असा. कंट्रोलर हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. घरात तो रिमोटच राहिला.

खेळ परदेशी होता. राज्य गमावलेला एक राजपुत्र, खांद्यावर शेला, कमरेला तलवार. बर्फाने गोठलेल्या मुलुखात सात दारं, आणि प्रत्येक दाराला दोन बाजूंना दोन चाकं. ती एकाच वेळी फिरवली की दार उघडायचं. म्हणून राजपुत्राबरोबर एक गवंडीण होती, हातात घण घेतलेली. नूतनने गवंडीण घेतली. राजपुत्राचं मूळ नाव नानांच्या जिभेवर बसेना. नाव बदलता येतं असं कळल्यावर त्यांनी एकेक अक्षर शोधत 'लोटन' लिहिलं. लोटन हा साक्रीचा फिटर होता. नाना नवे नवे नोकरीला लागले तेव्हा पाइपाला कान लावून पाणी कुठपर्यंत आलं हे ओळखायला त्याने त्यांना शिकवलं होतं. "कॉलेजात चार वर्षं गेली," ते म्हणायचे, "आणि शिकवलं चौथी पास माणसाने."

पहिलं दार उघडायला त्यांना सतरा दिवस लागले, कारण नाना प्रत्येक विहिरीवर थांबायचे. खेळातली माणसं तेच तेच बोलत. नाना तिन्ही वेळा ऐकायचे. एका म्हातारीने तिसऱ्यांदा विचारल्यावर वेगळंच काही सांगितलं: चाकाचा खिळा तिच्या नवऱ्याने चुलीमागे ठेवला होता.  नाना उठून आत गेले आणि शंभर पानी वही घेऊन आले. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं, 'धडा १. गावात शिरल्यावर आधी विहिरीवर बसायचं.' खाली तारीख आणि सही. खात्यातली सवय.

मग प्रत्येक दारामागे एक धडा, असा शिरस्ताच पडला. लोटनच्या झोळीत बाराच वस्तू मावायच्या. तेरावी उचलली की एक टाकावी लागे. नाना टाकलेल्या वस्तूंची यादी करायचे, घेतलेल्यांची नाही. तिसऱ्या दारापर्यंत जायला एक लंगडं खेचर बरोबर होतं. त्याला मागे सोडून गेलं तरी खेळ अडत नव्हता, पण नानांनी लोटनला अख्खी खिंड खेचराच्या चालीने चालवलं. नूतन उशीवर डोकं ठेवून झोपून गेली. जाग आली तेव्हा नाना तिच्या गवंडिणीलाही तिच्याच रिमोटने हळूहळू पुढे आणत होते, एक पाऊल याचं, एक पाऊल तिचं.

टाळेबंदी उठली, नूतन जळगावला गेली. डबा तिने मुद्दामच मागे ठेवला. जळगावहून धुळं म्हणजे एसटीने दोन-अडीच तास, पारोळ्याला गाडी थांबली तर थोडं अधिक. ती दोन-तीन महिन्यांनी यायची आणि आल्यावर एखादं दार व्हायचं. मधल्या काळात नाना एकटेच मुलुख फिरत, पण दाराशी येऊन थांबत. रविवारी फोनवर अहवाल यायचा. चौथ्या दाराआधी एक अजस्र पक्षी वाट अडवून बसला होता. त्याच्याशी लढायचं सोडून नानांनी तीन दिवसांचा वळसा घेतला, तेव्हा नूतन म्हणाली की असा भित्रा वीर तिने पाहिला नाही. नाना म्हणाले, "तुला पक्षी मारायचा आहे की दार उघडायचं आहे? आधी ते ठरव, मग फोन कर."

तिच्या कंपनीतल्या रीतींची ते मनसोक्त चेष्टा करायचे. रोज सकाळी दहा मिनिटं उभं राहून सगळ्यांनी कामाचं सांगायचं, हे ऐकून ते म्हणाले होते की आमच्याकडे उभं राहून फक्त शिपाई बोलायचा. पण वर्षभराने तिचं एक काम रुतलं. यंत्रं आली, वीज आली नाही, आणि जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला. तेव्हा तिने त्यांनाच फोन लावला आणि रडली. नानांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी तिला पाचव्या दारावरच्या लेखनिकाची आठवण करून दिली.

पाचव्या दारावर एक लेखनिक पोथी उघडून बसलेला असतो. उशीर का झाला, असं तो विचारतो. उत्तरं तयार असतात: वादळ, शत्रू, दैव, आणि सगळ्यात खाली 'माझी चूक'. वरचं कुठलंही उत्तर दिलं तर तो सोन्याची ढाल देतो. नानांनी सगळ्यात खालचं निवडलं होतं. ढाल मिळाली नाही. नूतन वैतागली होती. नाना मात्र इतके खूश झाले की त्यांनी तिच्या आईला स्वयंपाकघरातून बोलावून आणून तो पडदा दाखवला. सबंध नोकरीत त्यांचं एकाच वाक्याशी वैर होतं. 'अपरिहार्य कारणास्तव काम पूर्ण होऊ शकले नाही.' हाताखालच्या कुणी असं लिहिलं की ते कागद परत पाठवायचे. कारण लिहा, आणि कुणामुळे ते नाव लिहा, पहिलं नाव आपलं असलं तर आपलं. वहीत पाचवा धडा नेमका हाच होता. नूतनने दुसऱ्या दिवशी बैठकीत उभं राहून चूक आपली असल्याचं सांगितलं, आणि आठ दिवसांत वीज आली.

सहावं दार मागच्या पावसाळ्यात झालं. त्यात एक झुलता पूल होता. नानांनी आधी रिकाम्या झोळीने लोटनला पलीकडे नेऊन आणलं, मगच सामान उचललं. पाइपाचा चर बुजवण्याआधी पाणी सोडून पाहायचं, ही त्यांची नेहमीची तऱ्हा.

सातवं दार राहिलं.

ते राहिलं कारण नूतनला सावद्याचं काम मिळालं. आजवरचं सगळ्यात मोठं, आणि पहिल्यांदाच सगळ्याची प्रमुख ती. दिवाळीत ती आलीच नाही. नोव्हेंबरच्या शेवटी नानांनी विचारलं की लोटन सातव्या दाराशी पोचलाय, तू कधी येतेस. तेव्हा तिने कामाच्या माणसांसाठी वापरायची तीच युक्ती वापरली. फोनच्या कॅलेंडरवर तिने एक नोंद केली: 'नाना, सातवं दार. रविवार, सकाळी अकरा. देवपूर, पुढची खोली.' आणि नानांना आमंत्रण पाठवलं. नानांना कॅलेंडर तिनेच शिकवलं होतं. मिनिटभरात त्यांच्या नावापुढे हिरवी खूण उमटली.

त्या रविवारी बांधकामावर स्लॅब होता. तिने तारीख एक आठवडा पुढे सरकवली. नोंद सरकवताना दोन शब्द लिहायची तिची पद्धत होती. ठेकेदारांना लिहायची तेच तिने इथेही लिहिलं, अपरिहार्य कारणास्तव. लिहितानाच तिला ते खटकलं होतं. नाना यावर काहीतरी टोमणा मारतील म्हणून ती वाट पाहत होती. टोमणा आला नाही. हिरवी खूण आली.

असं आठ वेळा झालं. सव्वीस जानेवारीला ती अर्धा दिवस येऊन गेली, लॅपटॉप उघडा ठेवूनच. नानांनी दोन्ही रिमोट आणून टीपॉयवर ठेवले होते. ती म्हणाली, "आज नको, नाना. डोकं ठिकाणावर नाही माझं."

"बरं, माय," नाना म्हणाले. "लोटन उभा आहे. त्याचे कुठे पाय दुखतात?"

जळगावला परतताना एसटीत तिला स्वतःचाच कंटाळा आला. दर आठवड्याला सरकवायचं, दर आठवड्याला ते दोन शब्द. म्हणून तिने नोंद बदलून दर रविवारची करून टाकली, शेवटची तारीख न घालता. ज्या रविवारी जमेल त्या रविवारी. आता काही कळवायलाही नको. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी उभी असतानाच नानांची खूण आली.

त्यानंतरचे तीन रविवार आले आणि गेले. मग एका मंगळवारी सकाळी, दाढी करता करता, पितांबर चौधरी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसले आणि पुन्हा उठले नाहीत.

दारवर, म्हणजे सांत्वनाला, येणाऱ्यांची रीघ लागली. चौथ्या दिवशी पिंपळनेरच्या पुढच्या डोंगरातून एक जीप भरून माणसं आली. त्यांत बेबाबाई नावाची एक वाळकी, ताठ म्हातारी होती. ती आईजवळ बसली, पण बोलली नूतनशी. नानांनी तिच्या गावात नळ आणला त्याला वीस वर्षं झाली होती. पाणी सोडलं त्या दिवशी पुढाऱ्यांचे हार झाले, नारळ फुटले, सगळ्यांना चहा फिरला. नाना मात्र कप न घेता नळामागून नळ पाहत वर चढत गेले. सगळ्यात शेवटी, टेकाडावर, बेबाबाईचं घर.

"बठ्ठा गावले पानी उनं तरी साहेबनी चहा लिधा नही," ती म्हणाली. "मना घरना नळले पानी उनं, तवय लिधा. मनाच घर."

नूतनने मान हलवली. शेवटच्या घरी पाणी पोचेपर्यंत नाना चहा घेत नाहीत, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं, कारण त्या दिवशी ते डोकं धरून घरी यायचे. माणूस मुळात तासातासाला चहा लागणारा. लहानपणी तिला ते विक्षिप्तपणाचं वाटायचं. त्या दिवशीही तिने त्याचा फार विचार केला नाही. माणसं येत होती, सतरंजी पुरत नव्हती.

जितेंद्र गेल्यावर त्याच शनिवारी दुपारी तिने वही काढली. ती टीव्हीखालच्या कप्प्यातच होती, गेमच्या डब्याला टेकून. सहा धडे, सहा तारखा, सहा सह्या. मधल्या पानांवर झोळीतून टाकलेल्या वस्तूंच्या याद्या, खेचराला किती वेळा थांबवलं त्याची नोंद, कुठे कुठे पेन्सिलने काढलेला नकाशा. मग नवं पान. 'धडा ७.' त्यापुढे काही नाही. तारखेची जागा मोकळी, सहीची मोकळी.

पान उलटताना तिला समासात बारीक अक्षर दिसलं. नाना समासात स्वतःपुरतं लिहायचे.

'एकट्यालाही उघडतं. डावीकडचं बटण धरून ठेवलं की गवंडीण आपणहून चाकाशी जाते. पहिल्या दारापासूनच असं आहे, आज कळलं. पण तसं करायचं नाही. शेवटचं घर राहिलं असताना काम झालं म्हणायचं नाही.'

खाली तारीख होती. दोन डिसेंबर. पहिल्यांदा सरकवलेल्या रविवारच्या आधीचा दिवस.

नूतनने ते पुन्हा वाचलं. आपण नाही गेलो म्हणून नाना अडले, असं ती बारा दिवस स्वतःला सांगत होती. त्या सांगण्यात दुःख होतं, पण त्याला आधारही होता. खेळच तसा होता, दोन चाकं, दोन माणसं, त्याला कोण काय करणार. तो आधार आता गेला. ते अडले नव्हते. दार त्यांच्या अंगठ्याखाली होतं, आणि दर रविवारी ते अंगठा बाजूला ठेवून बसत होते.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला तिचा फोन थरथरला. तिला वाटलं कंपनीतून असेल. पडद्यावर लिहिलं होतं, 'नाना, सातवं दार. पंधरा मिनिटांत.' नानांच्या नावापुढे हिरवी खूण होती. तिने नोंद उघडली. पुढचा रविवार पाहिला, त्यापुढचा, मग बोट फिरवत पुढचं वर्ष, त्यापुढचं. जिथे थांबावं तिथे रविवार होता आणि त्या रविवारी यायचं नानांनी कबूल केलं होतं.

तिने उठून टीव्हीवर खेळ लावला. आई दारात उभी होती. हातात निवडायला घेतलेल्या मेथीची परात. टीव्ही लागलेला पाहून ती आत आली आणि खाटेच्या कडेला टेकली.

"अकरा वाजले का?" तिने विचारलं.

नूतनने वळून पाहिलं. आईला ती नोंद माहीत असायचं काही कारण नव्हतं.

आईने परातीकडेच पाहत सांगितलं. दर रविवारी ते साडेदहाला तयार व्हायचे. इस्त्रीचा शर्ट घालायचे. घरातच बसायचं तर इस्त्रीचा कशाला, असं तिने एकदा विचारलं, तर म्हणाले मीटिंग आहे. शेव-मुरमुरे दोन वाट्यांत काढून ठेवायला लावायचे. दोन्ही रिमोट पुसून समोर ठेवायचे. मग फोन वाजायचा आणि ते वाचायचे. "काम आहे तिला, असं म्हणायचे. मग तुझा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत ठेवायचे. धूळ बसते म्हणून." तिने मेथीची एक काडी खुडली. "पुढे पुढे फोन वाजायचाही बंद झाला. तेव्हा मात्र बारापर्यंत बसायचे."

तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. असता तर नूतनला बरं वाटलं असतं.

पडद्यावर बर्फ पडत होता. सातवं दार आधीच्या सहांसारखंच होतं, फक्त मोठं. उजव्या चाकापाशी लोटन उभा होता. डाव्या चाकाच्या अलीकडे गवंडीण. नूतनने तिची झोळी उघडून पाहिली. शेवटचं पाहिलं तेव्हा ती जवळपास रिकामी होती. आता बाराच्या बारा जागा भरलेल्या होत्या: औषधं, दोर, कोरडी लाकडं, घणाचा नवा दांडा, थंडीची जाड घोंगडी. मग तिने लोटनची झोळी उघडली. तीत एक कंदील होता, आणि बाकी काही नव्हतं.

"एकटीने उघडतं का ते?" आईने विचारलं.

"उघडतं."

नूतनने नानांचा रिमोट उचलला. डाव्या बटणावर अंगठा ठेवला आणि दाबला. गवंडीण लगेच हलली. कुणी न चालवता, कुणी न बोलावता ती चाकाकडे चालू लागली; दोन पावलं, तीन. नूतनने अंगठा काढला. गवंडीण थांबली. बर्फ तिच्या खांद्यावर साचू लागला.

दार उघडलं असतं तर पलीकडे काय आहे ते दिसलं असतं. मग सातवा धडा लिहिता आला असता, मंगळवारी सात धडे पुरे झाले असते आणि नानांचं काम आपण पूर्ण केलं असं म्हणता आलं असतं. लोकांनी तसं म्हटलंही असतं. तिला ते वाक्य ऐकूसुद्धा आलं. पण ज्या घरी पाणी पोचायचं राहिलं होतं ते घर तीच होती, आणि पाणी आणणारा माणूस वाटेत गेला होता. आता नळ उघडून त्यातून काय येणार होतं?

तिने टीव्ही बंद केला. प्लास्टिकची पिशवी शोधली, आपला रिमोट तीत घातला. मग वही मांडीवर घेतली, नानांचंच पेन उघडलं आणि सातव्या धड्याच्या रिकाम्या जागेत लिहिलं. लिहायला वेळ लागला नाही. खाली तारीख घातली, सही केली. आई पाहत होती.  तिने मेथीची परात पुढे सरकवली, आणि दोघी मेथी निवडत बसल्या.

मंगळवारी तंत्रनिकेतनाच्या सभागृहात ऐंशी-नव्वद मुलं होती. फळ्यावर रंगीत खडूने नानांचं नाव लिहिलेलं होतं आणि त्याला घातलेला हार फळ्याच्या खिळ्यावरून सारखा घसरत होता. नूतनने प्रस्तावना केली नाही. लोटन कोण हे सांगितलं, आधी खेळातला, मग साक्रीचा, आणि वही वाचू लागली. खेचराच्या ठिकाणी मुलं हसली. पक्ष्याला दिलेला वळसा ऐकून मागच्या बाकावरच्या एकाने टाळी वाजवली. पाचव्या धड्याला जितेंद्रने खाली पाहिलं. परत आलेल्या कागदांत त्याचेही असावेत. तिचा आवाज सहा धडे नीट टिकला. मग समासातली ती नोंदही तिने वाचून दाखवली.

"सातवा," ती म्हणाली. "हा नानांनी लिहिलेला नाही. यावर सही माझी आहे." आणि वाचलं:

"'काम अपूर्ण. विलंब अकरा रविवार. कारण, नूतन पितांबर चौधरी.'"

तिने वही मिटली.

 मग पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. चष्मा लावलेली, हातात खरोखर टिपणं काढलेली.

"मॅडम, दार मग उघडलंच नाही का?"

"नाही."

"पण एकट्याने उघडता येतं म्हणालात ना?"

"येतं," नूतन म्हणाली.

मुलगी आणखी काही विचारणार होती. तिने नूतनकडे पाहिलं आणि खाली बसली.

नंतर जितेंद्रने तिला शिक्षकांच्या खोलीत नेलं. शिपायाने दोन कप चहा आणून ठेवला, आल्याचा, दाट. खिडकीतून फेब्रुवारीअखेरचं ऊन टेबलाच्या निम्म्यापर्यंत आलं होतं. जितेंद्रने आपला कप उचलला, घ्या ना ताई म्हणाला, आणि ओठांपर्यंत नेला. नूतन वहीवर हात ठेवून बसली होती. तिने कपाकडे पाहिलंही नव्हतं.

जितेंद्र सहा वर्षं नानांबरोबर टेकाडं चढला होता. त्याने कप न पिता तसाच बशीत परत ठेवला, आवाज न करता. मग दोघंही बसून राहिले, आणि समोरच्या दोन्ही कपांवर हळूहळू साय धरत गेली.